सान्ता फेची चाकोरी

हॉलीवूडच्या चित्रपटांनी अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचे जे चित्र आपल्याकडील प्रेक्षकांच्या मनावर कोरून ठेवले आहे, त्यात पांढऱ्या छताचे गाडे असतात, गाड्यांत बायकापोरे असतात, टेकडीआडून घोडेस्वार चालून येतात आणि अगदी अखेरच्या घटकेस फौजेचा बिगूल वाजतो. परंतु मिसुरी नदीच्या काठापासून न्यू मेक्सिकोतील सान्ता फे शहरापर्यंत सुमारे पावणेआठशे मैल गेलेल्या आणि १८२१ पासून १८८० पर्यंत वाहत्या राहिलेल्या ज्या मार्गाची हकीकत येथे सांगावयाची आहे, त्यावर पहिली पंचवीस वर्षे बायकापोरे क्वचितच दिसत, नव्या जमिनीच्या आशेने निघालेला कुणबी जवळजवळ नसेच, आणि जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मनसुबा माल विकावा, दाम पदरात पाडून घ्यावे आणि जमल्यास त्याच हंगामात घर गाठावे इतकाच असे. ओरेगॉनकडे जाणारी वाट वसाहत करणाऱ्यांची होती. सान्ता फेची वाट व्यापाऱ्यांची. म्हणूनच तिचा खरा इतिहास मला बंदुकीच्या धुरापेक्षा बीजके, रोजकीर्दी आणि जकातनाक्यावरील दप्तरे यांत अधिक सापडतो, आणि बंदूक जेव्हा अखेर तेथे पोहोचली तेव्हा तिला वाट दाखविण्याचे काम याच दप्तरांनी केलेले होते, असे म्हणावेसे वाटते.

न्यू मेक्सिको हा स्पेनच्या अमेरिकी साम्राज्याचा अगदी उत्तरेचा, एकाकी आणि निर्धन सुभा. तेथे लागणारे कापड, लोखंड, सुई, कागद, जे काही असेल ते, वेराक्रूझ बंदरात उतरावे, मेक्सिको शहरावरून चिवावाच्या सावकारांच्या वखारीत यावे आणि तेथून ‘कामिनो रेआल’ या राजमार्गाने पाचशेहून अधिक मैल उत्तरेस चढावे, असा शिरस्ता होता. आणि प्रत्येक मुक्कामावर कोणाचा ना कोणाचा नफा मालावर चढत गेल्यामुळे साधे छापील सुती कापडही सान्ता फेच्या बाजारात वाराला दोन-तीन डॉलर या भावाने विकले जाई. मिसुरीतून हेच कापड कितीतरी स्वस्तात आणणे शक्य होते; पण परकीयांशी व्यापार करण्यास स्पॅनिश सरकारची सक्त मनाई होती, आणि ती मनाई नुसती कागदावरची नव्हती. १८०७ साली झेब्युलन पाइक हा अमेरिकी लष्करी अंमलदार सरहद्द ओलांडून गेला असता त्यास पकडून सान्ता फे व तेथून चिवावा येथे नेण्यात आले. सुटून आल्यावर त्याने १८१० मध्ये जो वृत्तान्त छापला, त्यातील तिकडच्या भावांची माहिती व्यापाऱ्यांनी किती लक्षपूर्वक वाचली असेल ते त्यांच्या पुढील उद्योगांवरून कळते. १८१२ मध्ये रॉबर्ट मॅक्नाइट आणि त्याचे सोबती, मेक्सिकोतील बंडामुळे जुने निर्बंध सुटले असतील अशा भरवशावर माल घेऊन गेले. बंड मोडले होते. त्यांचा माल जप्त झाला आणि तिकडच्या कैदेत त्यांची आठ-नऊ वर्षे गेली.

अशा स्थितीत विल्यम बेकनेल नावाचा मिसुरीतील फ्रँकलिन गावचा एक कर्जबाजारी गृहस्थ १८२१ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडे निघाला, यात साहसाचा भाग किती आणि निरुपायाचा किती, हे ठरविणे अवघड नाही. १८१९ च्या मंदीने मिसुरीतील पेढ्या बुडाल्या होत्या, रोख नाणे व्यवहारातून नाहीसे झाले होते आणि बेकनेलच्या मागे सावकारांचा तगादा तुरुंगाच्या दारापर्यंत येऊन ठेपला होता. घोडी व खेचरे यांचा व्यापार आणि रानटी जनावरे पकडणे या हेतूने पश्चिमेस जाण्यासाठी मंडळी हवीत, अशी जाहिरात त्याने त्या जूनमध्ये स्थानिक वृत्तपत्रात दिली. सत्तरपर्यंत माणसे घेण्याची तयारी दाखविली, आणि प्रत्यक्षात बरोबर निघाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नोव्हेंबरच्या मध्यास न्यू मेक्सिकोच्या सरहद्दीवर त्यांना मेक्सिकन शिपायांची एक तुकडी आडवी आली. एकमेकांची भाषा कोणासच येत नव्हती. तरीही बेड्यांऐवजी आदरातिथ्य वाट्यास आले, कारण मधल्या काळात मेक्सिको स्पेनच्या जोखडातून मुक्त झाला होता आणि जुन्या राजवटीची मनाई तिच्याबरोबरच गेली होती. १६ नोव्हेंबर रोजी बेकनेल सान्ता फेस पोहोचला. गव्हर्नर फाकुन्दो मेल्गारेस याने त्याचा सत्कार केला आणि अमेरिकी लोकांनी व्यापारास अवश्य यावे असे सांगितले. परतल्यावर फ्रँकलिनच्या रस्त्यात कातडी पिशव्या चिरून चांदीचे डॉलर फरसबंदीवर खळखळा ओतले गेले, आणि ज्या बाईने त्याच्यापाशी साठ डॉलर गुंतविले होते तिला नऊशे मिळाले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकांवर माझा फारसा विश्वास नाही. पण नाणेटंचाईने गांजलेल्या गावात ती तयार व्हावी आणि टिकावी, हेच पुरेसे बोलके आहे. मेक्सिकोचा चांदीचा पेसो त्या काळी अमेरिकेतही कायदेशीर चलन होता आणि १८५७ पर्यंत राहिला, हे ध्यानी घेतले म्हणजे मिसुरीच्या दृष्टीने सान्ता फे ही बाजारपेठ कमी आणि टांकसाळ अधिक होती हे उमगते.

दुसऱ्या वर्षी, १८२२ मध्ये, बेकनेलने घोड्यांच्या पाठीवरील ओझ्यांबरोबर तीन गाडे नेले, आणि येथून या मार्गाचे खरे स्वरूप ठरले. डोंगरातील घाट गाड्यांस जमणार नाही म्हणून त्याने आर्कान्सॉ नदी सोडून नैऋत्येस सिमारॉन नदीकडे सरळ रोख धरला. मधला पन्नास-साठ मैलांचा टापू सपाट, खुणाविरहित आणि निर्जळ. व्यापाऱ्यांनी त्यास स्पॅनिश भाषेतील ‘होर्नादा’ हे नाव दिले. त्या सफरीत तहानेने व्याकूळ झालेल्या लोकांनी खेचरांचे कान कापून रक्त चोखले आणि नुकत्याच पाणी पिऊन आलेल्या गव्याच्या पोटातील द्रव प्राशन करून जीव वाचविला, अशी भीषण कथा जोसाया ग्रेग याने आपल्या ग्रंथात सांगितली आहे. ग्रेग हा या मार्गाचा श्रेष्ठ बखरकार. प्रकृतिस्वास्थ्यासाठी १८३१ साली तो तांड्याबरोबर निघाला, त्यातच व्यापारी बनला आणि १८४४ मध्ये त्याने ‘कॉमर्स ऑफ द प्रेअरीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु बेकनेलच्या स्वतःच्या वृत्तान्तात कानांचाही उल्लेख नाही आणि गव्याचाही नाही. मात्र ग्रेगची कोष्टके मला त्याच्या कथांहून अधिक मोलाची वाटतात: १८२२ साली १५,००० डॉलरचा माल आणि ७० माणसे, १८३१ साली अडीच लाखांचा माल, १३० गाडे, ३२० माणसे, १८४३ साली साडेचार लाखांचा माल, २३० गाडे, ३५० माणसे. गाड्यांची संख्या वाढली त्या मानाने माणसांची वाढली नाही. व्यापार किरकोळ धाडशी लोकांच्या हातून मोठ्या भांडवलवाल्यांकडे सरकत होता, ही गोष्ट त्याने एक विशेषणही न वापरता सांगून टाकली आहे.

हे गाडे प्रथम पिट्सबर्ग येथील घडणीचे असत. पुढे सेंट लुइस येथील जोसेफ मर्फी याच्या कारखान्यातील भक्कम गाड्यांची कीर्ती झाली. एकेका गाड्यात दोन-अडीच टन माल भरीत आणि त्यास आठ खेचरे किंवा आठ बैल जुंपीत. खेचर चपळ, पण महाग आणि चोरट्यांच्या डोळ्यांत भरणारे. बैल मंद, खुराने नाजूक, पण स्वस्त. १८२९ साली मेजर बेनेट रायली याच्या पलटणीने व्यापाऱ्यांच्या संरक्षणासाठी कूच केले तेव्हा तिच्या रसदीच्या गाड्यांना बैल जुंपले होते, आणि ते तग धरतात असे दिसल्यावर खाजगी व्यापाऱ्यांनीही बैल पत्करले. त्या पलटणीच्या संरक्षणाविषयी मात्र फार बोलू नये: पायदळाने घोडेस्वारांचा पाठलाग करावयाचा, आणि तोही केवळ आर्कान्सॉ नदीपर्यंत, कारण स्पेनशी झालेल्या १८१९ च्या तहान्वये पलीकडचा तीर मेक्सिकोच्या वाट्याचा होता! त्या शरद ऋतूत परतीच्या तांड्यास मेक्सिकोचा कर्नल विस्कार्रा आपल्या शिपायांनिशी नदीपर्यंत पोहोचवावयास आला आणि दोन्ही बाजूंच्या अंमलदारांनी एकमेकांना मेजवान्या दिल्या, हा प्रसंग त्या मोहिमेतील बहुधा सर्वांत यशस्वी म्हणावा लागेल.

मिसुरीतील इंडिपेन्डन्स गावाहून वसंत ऋतूत सुटे सुटे निघालेले गाडे सुमारे दीडशे मैलांवरील काउन्सिल ग्रोव्ह या वृक्षराजीत जमत. पुढे शेकडो मैल कणखर लाकूड मिळावयाचे नाही म्हणून ओक, हिकरी व अ‍ॅश यांचे ओंडके तोडून ते प्रत्येक गाड्याच्या तळाशी आवळून बांधीत. आख मोडला तर त्यातून नवा घडवावयाचा. येथेच मतदानाने तांड्याचा नायक निवडला जाई, त्याच्या हाताखाली नाईक नेमले जात आणि रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या जात. पहाऱ्यातून सूट कोणासही नाही, मग तो लाखाचा धनी असो वा रोजावरचा गाडीवान. परंतु नायकाच्या हुकमास कायद्याचे पाठबळ काडीचे नसल्याने त्याचा अंमल चाले तो इतरांच्या मर्जीपुरताच. प्रत्येक माणसामागे शिधा ठरलेला असे: ५० पौंड पीठ, तितकेच खारवलेले डुकराचे मांस, २० पौंड साखर, १० पौंड कॉफी आणि चिमूटभर मीठ, त्यापुढे गव्यांचे कळप लागले म्हणजे ताजे मांस. दिवसाची मजल पंधरा मैलांच्या आसपास. भयाच्या मुलखात गाडे चार रांगांनी समांतर चालत आणि मुक्कामास चौकोन करून मधल्या आवारात जनावरे कोंडीत. आपल्याकडील लमाणांच्या तांड्यांची आठवण येथे येणे साहजिक आहे. मात्र लमाण आपले घरदार पाठीवर घेऊन हिंडे, आणि येथला गाडीवान दररोज घराचे अंतर मोजी. पुढे पुढे हवा इतकी कोरडी होई की चाकांचे लाकूड आकसून लोखंडी धावा ढिल्या पडत, आणि मुक्कामोमुक्कामी पाचरी ठोकण्याचा ठकठकाट चाले. सान्ता फे नजरेच्या टप्प्यात आले म्हणजे हेच धुळीने माखलेले लोक तोंडे धूत, केस विंचरीत आणि चाबकाला नवे टोक लावीत. ओबडधोबड लाकडी चाकांच्या करकरणाऱ्या छकड्यांचीच सवय असलेल्या त्या गावाला हा प्रवेशसमारंभ पाहण्यास मिळे, आणि बघ्यांची गर्दी रस्त्यांत मावत नसे.

समारंभ आटोपला की गाडे थेट जकातघराकडे. सान्ता फेच्या सरकारी खजिन्यात या जकातीइतकी मोठी दुसरी जमा नव्हती. शिपायांचे पगार, कारकुनांची वेतने, गव्हर्नराची शान, सारे तिच्यावर चाले. साहजिकच दर कागदावर जबर असत आणि वसुली वाटाघाटीने होई. अंमलदाराचा वाटा, सरकारचा वाटा आणि व्यापाऱ्याची बचत असे त्याचे तीन भाग पडत, हे ग्रेगने काहीशा तिरकस प्रामाणिकपणाने नमूद केले आहे. पुढे चिवावाकडे माल न्यावयाचा तर ‘गीआ’ नावाचा परवाना हवा, त्यात प्रत्येक गाठोड्याची नोंद हवी, आणि नोंदीत व मालात तफावत आढळली तर जप्ती. १८३९ च्या सुमारास गव्हर्नर मानुएल आर्मीहो याने ही सारी मोजदाद मोडीत काढून दर गाड्यामागे सरसकट ५०० डॉलर घेण्याचे फर्मान काढले, मग गाडा लहान असो वा मोठा, आत रेशीम असो वा खिळे. व्यापाऱ्यांनी तक्रार केली खरी, पण त्याहून शहाणपणाची गोष्ट अशी की त्यांनी दहा-बारा खेचरे लागतील असे अजस्र गाडे आणण्यास आरंभ केला. उत्पन्न घसरल्यावर आर्मीहो मुकाट्याने जुन्या पद्धतीकडे वळला. कोणत्याही महसूलखात्याने आपल्या भिंतीवर लावून ठेवावा असा हा प्रसंग आहे.

विक्रीचा पैसा परत जाई तो बहुतांशी चांदीच्या रूपाने. ओल्या कातड्यात नाणी शिवून टाकीत. कातडे वाळून आकसले की पुडके दगडासारखे घट्ट होई आणि वाटेत नाणे नाण्यावर घासत नसे. त्याखेरीज लोकर आणि खेचरे. मिसुरी प्रांताची पुढे जी खेचरांसाठी ख्याती झाली तिचे मूळ या दक्षिणेकडून हाकीत आणलेल्या कळपांत आहे.

अमेरिकी ग्रंथांतून या व्यापाराची कथा पुष्कळदा ‘अमेरिकन व्यापारी आणि मेक्सिकन गिऱ्हाईक’ अशी सांगितली जाते, आणि ती अर्धीच खरी आहे. १८४३ पर्यंत व्यापाऱ्यांमध्ये न्यू मेक्सिकोचेच लोक बहुसंख्य झाले होते आणि हा धंदा त्यांच्या मक्तेदारीकडे चालला आहे असे खुद्द ग्रेग सांगतो. चावेस, ओतेरो, पेरेआ, आर्मीहो ही घराणी आपले गाडे स्वतः पूर्वेस पाठवीत आणि मिसुरीतील घाऊक बाजारात उभी राहून खरेदी करीत. जकात आकारणारा गव्हर्नर आर्मीहो स्वतःही याच धंद्यात होता. यांपैकीच आंतोनियो होसे चावेस हा १८४३ च्या आरंभी पाच नोकरांसह चांदी-सोने घेऊन निघाला असता, आज कान्सास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीत, जॉन मॅक्डॅनियल याच्या टोळीने त्यास लुटून ठार मारले. ही टोळी टेक्सास प्रजासत्ताकाच्या नावावर वावरत होती. मिसुरीच्या व्यापाऱ्यांत खळबळ उडाली, आणि ती केवळ न्यायबुद्धीने नव्हे. मेक्सिकन गिऱ्हाईक घाबरून यायचे थांबले तर मिसुरीचा बाजार बसला असता. पुढल्या वर्षी सेंट लुइस येथे म्होरक्याला त्याच्या भावासह फाशी देण्यात आली.

या सर्व जमाखर्चात एक रकाना जवळजवळ कोरा राहिला. वाट ज्यांच्या भूमीतून गेली त्या कॉ, ओसेज, पॉनी, कोमांची, कायोवा, शायेन, अरापाहो या राष्ट्रांचा तो रकाना. सिनेटर टॉमस हार्ट बेंटन याच्या खटपटीने १८२५ साली अमेरिकी काँग्रेसने मार्गाच्या मोजणीसाठी १०,००० आणि वाटेतील जमातींशी तह करण्यासाठी २०,००० डॉलर मंजूर केले. काउन्सिल ग्रोव्हच्या झाडीत त्या ऑगस्टमध्ये ओसेज लोकांशी तह झाला. गाड्यांस निर्वेध जाऊ देण्याच्या कायमच्या हक्काबद्दल त्यांस मिळाले ८०० डॉलर. मोजणीदारांनी मातीचे ढिगारे उभारून मार्ग आखला. तो व्यापाऱ्यांनी पाळला नाही, पावसाने ढिगारे वाहून गेले. कोमांची लोकांशी त्या वेळी तह झालाच नाही, आणि १८३१ मध्ये जेडेडाया स्मिथ हा नामांकित वाटाड्या सिमारॉनच्या काठी पाण्याच्या शोधात असता त्यांच्या हातून मारला गेला. तथापि हल्ल्यांपेक्षा बैलांनी अधिक नाश केला, असे मला वाटते. हजारो जनावरांनी नदीकाठचे गवत वर्षानुवर्षे फस्त केले, मुक्कामांच्या चुलींनी तुरळक झाडी संपविली, आणि हिवाळ्यात गवे व घोडी ज्या ओलसर दऱ्यांवर जगत त्याच दऱ्या उजाड झाल्या. ज्या झाडीत तह झाला त्या काउन्सिल ग्रोव्हच्या परिसरातून कॉ लोकांना १८७३ साली हुसकून दक्षिणेस नेण्यात आले.

आर्कान्सॉच्या अमेरिकी काठावर चार्ल्स व विल्यम बेंट या बंधूंनी सेरान सेंट व्रेन याच्या भागीदारीत १८३३ च्या सुमारास मातीच्या विटांचा जो कोट बांधला, तेथे काही वर्षे तरी वेगळ्या प्रकारचा व्यवहार चालला. गव्यांची कातडी घेऊन शायेन येत, मेक्सिकन गवंडी आणि फ्रेंच फासेपारधी तेथेच राहत, आणि विल्यमने शायेन जमातीतील ‘आउल वुमन’ हिच्याशी विवाह केला होता. १८६४ च्या नोव्हेंबरात अमेरिकी फौजेने सँड क्रीकच्या काठी शायेन छावणीची कत्तल केली तेव्हा विल्यमचे काही पुत्र त्या छावणीत होते, आणि दुसऱ्या एका पुत्रास, रॉबर्टला, फौजेने बळजबरीने वाटाड्या म्हणून पुढे घातले होते.

फौजेला ही वाट प्रथम उपयोगी पडली ती १८४६ साली. त्याच्या आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये काँग्रेसने असा कायदा केला होता की परदेशी माल अमेरिकेत उतरून या मार्गाने मेक्सिकोत गेल्यास त्यावरील आयातजकात परत मिळावी. त्यामुळे मेक्सिकोशी युद्ध जाहीर झाले तेव्हा व्यापाऱ्यांचे गाडे भरलेले आणि वाटेवर होते. जनरल स्टीफन कर्नी सुमारे सतराशे माणसांनिशी बेंटच्या कोटावरून पुढे निघाला आणि व्यापाऱ्यांचा तांडा त्याच्या मागोमाग चालला. मोजून ठेवलेली अंतरे, पाण्याच्या जागा, घाट, सान्ता फेतील कोण कोणास कर्ज देतो ही माहिती, सारे तयार होते. त्या तांड्यात सुझन मॅगॉफिन ही अठरा वर्षांची नवविवाहिता होती. तिची रोजनिशी १९२६ मध्ये छापली गेली. कोटात जुलैअखेर तिचा गर्भपात झाला. त्याच सुमारास खालच्या खोलीत एक इंडियन स्त्री प्रसूत होऊन अर्ध्या तासात बाळासह नदीवर स्नानास गेली, हे तिने मत्सर आणि आश्चर्य यांच्या मिश्रणाने टिपून ठेवले आहे. तिचा दीर जेम्स मॅगॉफिन पुढे जाऊन आर्मीहोला गुप्तपणे भेटला. काय ठरले ते दोघांबरोबर गेले. पण सान्ता फेच्या वाटेवरील खिंडीत जमविलेली माणसे परत पाठवून आर्मीहो दक्षिणेस निघून गेला, १८ ऑगस्ट रोजी कर्नी एकही गोळी न झाडता सान्ता फेत शिरला, आणि पुढे मॅगॉफिनने आपल्या कामगिरीचा हिशेब सरकारास सादर केला तेव्हा त्यास ३०,००० डॉलर मिळाले. विजय मात्र तितका सुखाचा ठरला नाही: नवा गव्हर्नर म्हणून नेमलेला चार्ल्स बेंट पाच महिन्यांच्या आत ताओस येथील उठावात मारला गेला.

युद्ध संपविणाऱ्या १८४८ च्या तहानंतर सरहद्दच उरली नाही आणि जकातघरही. उरला तो सरकारी ठेक्यांचा धंदा: फोर्ट युनियनसारख्या ठाण्यांना दाणागोटा पोहोचविणे. रसेल, मेजर्स अँड वॉडेल या पेढीने त्यात नाव काढले. त्यांतील अलेक्झांडर मेजर्स आपल्या गाडीवानांकडून शिवीगाळ न करण्याची शपथ घेववी, आणि बैल हाकणाऱ्या माणसाकडून ती कितपत पाळली गेली असेल याचा तर्क वाचकांनीच करावा. यादवी युद्धात, १८६२ च्या मार्चमध्ये, ग्लोरिएटा खिंडीत दक्षिणी फौजेचा पराभव झाला तोही रणांगणावर कमी आणि तिच्या मागे राहिलेल्या रसदीच्या गाड्यांची होळी झाल्याने अधिक. पुढे रेल्वे कान्सासमधून जसजशी पश्चिमेस सरकली, तसतशी गाड्यांची वाट पूर्वेकडून आखूड होत गेली. रातोन घाटात स्वतःच्या खर्चाने रस्ता बांधून गाड्यामागे टोल घेणाऱ्या ‘अंकल डिक’ वूटनने १८७८ साली आपला मार्ग अ‍ॅचिसन, टोपीका अँड सान्ता फे कंपनीस दिला. कंपनीच्या नावात शहर होते. परंतु चढणीच्या खर्चामुळे तिचा मुख्य लोहमार्ग शहरास बगल देऊन गेला. गाड्यांकडून पंचवीस वर्षे जकात घेतलेल्या सान्ता फेच्या लोकांना १८७९ मध्ये दीड लाख डॉलरचे रोखे काढण्यास मतदानाने संमती द्यावी लागली, तेव्हा कुठे लामी गावापासून अठरा मैलांचा फाटा टाकण्यात आला आणि ९ फेब्रुवारी १८८० रोजी त्यावरून पहिली आगगाडी शहरात आली.